पुरा, गंज आणि वार्ड : उज्जैनची घडण

आजचे उज्जैन प्राचीन अवंतीच्या राजधानीवर उभे नाही. गढकालिका मंदिराच्या परिसरात जिचा मातीचा तट उत्खननात सापडला, ती जुनी उज्जयिनी उत्तरेला राहिली आणि पुढे वस्ती दक्षिणेकडे, महाकाळाच्या मंदिराभोवती सरकली. हे शहर कोणा एकाने आखलेले नाही. ज्याची सत्ता आली त्याने आपली वस्ती जोडली, आणि तिची नोंद नावात राहिली. 'पुरा' म्हणजे मूळ वस्तीबाहेर वसवलेली नवी वस्ती, आणि माळव्याचा सुभेदार सवाई जयसिंह याच्या वेधशाळेच्या बाजूचा जयसिंहपुरा तिचा ठळक नमुना. दौलतगंजातील 'गंज' म्हणजे घाऊक व्यापाराची पेठ. तर बुधवारिया हे नाव, पुण्याच्या बुधवार पेठेप्रमाणे, वाराशी जोडलेले आहे.

मराठी वाचकाला यातील शिंदेकाळ विशेष जवळचा. राणोजी शिंद्यांनी येथे ठाणे केल्यावर त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकाळाचे मंदिर पुन्हा उभारले. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्कर येथे नेली. तरीही त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधलेल्या गोपाळ मंदिरासमोरचा चौक जुन्या बाजाराचे हृदय ठरला. रेल्वे आल्यावर रुळांच्या पलीकडे माधवनगर, म्हणजेच फ्रीगंज, सरळ रस्त्यांचे वसले, आणि 'जुने शहर' हा शब्दप्रयोग तेव्हापासूनच अर्थपूर्ण झाला.

महानगरपालिकेचे ५४ वार्ड या साऱ्यावर नंतर आखले गेले. वार्ड म्हणजे एक पार्षद, मराठीत नगरसेवक, निवडून देणारा विभाग. त्याची सीमा जनगणनेच्या आकड्यांवरून ठरते, आणि २०११ च्या ५,१५,२१५ लोकसंख्येनुसार सरासरी एका वार्डात सुमारे साडेनऊ हजार माणसे येतात. आकड्याला मोहल्ल्याचे वय ठाऊक नसते.

शहराची दुसरी सीमा मात्र दर शारदीय नवरात्राच्या अष्टमीला नगरपूजेत आखली जाते. चोवीस खांबांच्या प्राचीन दरवाजात महामाया आणि महालाया या देवींना जिल्हाधिकारी मद्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग कोटवार, म्हणजे परंपरेने गावाची राखण करणारा सेवक, तळाशी बारीक छिद्र असलेली हंडी घेऊन निघतो. देवी-भैरवांच्या ठाण्यांवरून सुमारे २७ किलोमीटरच्या वाटेवर मद्याची धार अखंड सांडत जाते आणि हांडीफोड भैरवापाशी थांबते.