पिपेट तोंडात धरा

चला, मोबाइल घरीच ठेवा. १९७५ सालचा मे महिना, माटुंगा, यूडीसीटी. मुंबई विद्यापीठाचा हा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ पासूनचा. आजपासून तुम्ही इथले पीएचडीचे विद्यार्थी.

दार ढकललंत की पहिला भेटतो तो पिरिडिनचा कुजक्या मासळीसारखा वास. मागोमाग ईथर, गोडसर, डोकं हलकं करणारा. पंखा? हात लावू नका! बर्नरची ज्योत फडफडेल, सगळे एकदम ओरडतील. घाम पुसा, तोही बाहीनेच, कारण बोटांना काय लागलंय ते तुम्हाला ठाऊक नाही.

आता पिपेट घ्या. तोंडात. हो, तोंडातच. रबरी फुगा कपाटात पडलाय, पण तो काढलात तर सीनियर दिवसभर हसतील. हळू ओढा, नजर खुणेवर. द्रव खुणेच्या वर चढला की ओठ सोडा आणि झटकन बोट टेकवा. क्षणभर उशीर झाला की आम्ल थेट दातांना भेटतं. हात तेलकट झालेत? बेन्झीन आहे की! (बेन्झीनने काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, पण तिथे बोलू नका. नव्या पोराचं शहाणपण कोण ऐकतो?)

सकाळी ज्या काचपट्टीवर सिलिका जेलचा लगदा पसरून भट्टीत वाळवलात, तिची आता परीक्षा. काचेची नळी ज्योतीवर तापवून ओढा, केसासारखी बारीक झाली की तोडा. तिच्या टोकाने पट्टीवर तुमच्या पदार्थाचा एक ठिपका. पट्टी द्रावकाच्या बरणीत उभी करा. द्रावक इतका सावकाश चढतो की अख्खी प्रयोगशाळा गप्पा मारून घेते. कोणाच्या गाइडने प्रबंधाचं प्रकरण परत केलं, कोणाचं लग्न ठरलं. चहा बीकरमधून येतो. ‘धुतलाय रे,’ असं प्रत्येक जण म्हणतो; कशाने धुतलाय, हे कोणी विचारत नाही.

पट्टी काढा, वाळवा, आयोडीनच्या बरणीत सोडा. बघा, पांढऱ्यावर तपकिरी डाग उमटतायत! एकच हवा होता. तीन आलेत. पेन्सिलीने पटकन गोल करून ठेवा, नाहीतर डाग उडून जातील. तीन डाग म्हणजे पदार्थ अशुद्ध, म्हणजे उद्या तो शुद्ध करायला कॉलम. तासन्‌तास थेंब मोजत बसायचं.

संध्याकाळी ग्रंथालयात केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्सचे जाडजूड खंड उचलून दंड भरून येतात. तुमचा रेणू आधीच कोणी केलेला नाही ना, एवढंच रेणुसूत्रांच्या सूचीत बघायचं, आणि बघताना पोटात गोळा येतो.

मग माटुंगा स्टेशन. गाडी खचाखच. तुम्ही कसेबसे आत शिरता, दोघं-तिघं नाक मुरडतात, खिडकीजवळचे काका उठून दाराशी जातात. बसून घ्या. कल्याणपर्यंत कोणी शेजारी येणार नाही.