वारसाचा दावा आणि वकिलाची फी

श्रोतेहो, भाऊबंदांतला तंटा कोर्टाच्या पायरीशीं आला म्हणजे घरचीं माणसें पहिला प्रश्न विचारतात तो असा, कीं "वकील फी किती घेईल?" प्रश्न वाजवी आहे, पण अपुरा आहे. ती फी किती वेळां द्यावी लागेल, जिंकल्यास तिच्यांतला कोणता भाग परत हातीं येईल, आणि ज्या मिळकतीसाठीं भांडावयाचें तिच्याच पोटांतून ती निघणार आहे कीं काय, हे तीन प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहींत. मी वकील नव्हे. शाळेंत शेकडेवारी आणि इतिहास शिकविण्यांत ज्याची हयात गेली असा एक मास्तर आहें. तेव्हां कायद्याचा कीस न काढतां, केवळ जमाखर्चाच्या अंगानें हा इतिहास आपणांपुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे.

मराठेशाहींत वतनाचा किंवा वडिलार्जित मिळकतीचा तंटा गोतसभेपुढें अथवा पंचायतीपुढें चाले. वादी-प्रतिवादी जामीन देत, आपापली तक्रीर सांगत, जुने कागद दाखवीत आणि गोही-साक्षी आणीत. फी घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणारा धंदेवाईक वर्ग त्या सभांत नव्हता. 'वकील' हा शब्द होता, पण तो एका दरबारानें दुसऱ्या दरबारीं ठेवलेल्या प्रतिनिधीचा. एवढ्यावरून त्या काळीं न्याय फुकट मिळे असें मात्र कोणी समजूं नये. जिंकणाराकडून सरकार 'हरकी' घेई आणि हरणाराकडून 'गुन्हेगारी'. हरक म्हणजे आनंद. त्या आनंदाची ही पट्टी. रक्कम माणसाची ऐपत पाहून ठरे, आणि ऐपतीचा अंदाज सरकारचा, त्यामुळें ती हलकी असेच असें नाहीं. परंतु हा खर्च निकालानंतर येई आणि कोणाला किती द्यावयाचें तें उघड असे.

पेशवाई गेली आणि हिशेबाची तऱ्हा पालटली. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीच्या अखेरीस, १८२७ सालीं, मुंबई इलाख्याचे जे कायदे झाले त्यांतल्या दुसऱ्या रेग्युलेशनांत कोर्टाची सनद घेतलेले वकील आणि त्यांच्या फीचें कोष्टक, दोन्ही आलीं. फी दाव्याच्या रकमेवर शेकडा प्रमाणानें धरलेली होती. १८४६ च्या कायद्यानें हा धंदा जातिधर्माचा भेद न ठेवतां लायक माणसास मोकळा केला आणि वकील व अशील यांना फीचा करार आपसांत ठरविण्याची मुभा दिली. येथून पुढें दोन निरनिराळ्या फिया सुरू झाल्या. पहिली, जी अशील आपल्या वकिलास खरोखर देतो ती, आणि दुसरी, जी कोर्ट कोष्टकाप्रमाणें धरतें ती. आजहि पुष्कळांची फसगत होते ती या दोन आंकड्यांमधल्या अंतरांत होते. त्या अंतराकडे आपण पुढें येणारच आहों.

मुंबईच्या हायकोर्टांत, विशेषतः शहरांतले मोठे दावे जेथें चालत त्या ओरिजिनल साइडवर, थाट आणखी वेगळा होता. तेथें अशिलानें सॉलिसिटराकडे जावयाचें, सॉलिसिटरानें कागद तयार करून कौन्सिलाकडे ब्रीफ द्यावयाचें, आणि उभें राहून बोलावयाचें तें कौन्सिलानें. कौन्सिलाची फी सोन्याच्या मोहरांत मोजीत. मोहर बाजारांतून कधींच नाहींशी झाली, तरी बिलांत ती राहिली. तिची किंमत पंधरा रुपये! सॉलिसिटराचें बिल तर वाचण्यासारखें असे. पत्र लिहिलें, पत्र वाचलें, भेट दिली, नक्कल केली, प्रत्येकाची वेगळी ओळ. अशा बिलाची तपासणी करण्याकरितां हायकोर्टांत टॅक्सिंग मास्तर नांवाचा स्वतंत्र अधिकारी असे. आम्हां मास्तरांच्या जातींतला हाच काय तो एक श्रीमंत पाहुण्यांचीं गणितें तपासणारा! सॉलिसिटरांचा हा वेगळा वर्ग १९७६ च्या दुरुस्तीनें कायद्यांतून गेला. रीतीनें तो अजून पुरता गेलेला नाहीं.

आतां कोर्टाचा स्टँप. १८७० च्या कोर्ट-फी कायद्यानें मिळकतीच्या दाव्यास किमतीप्रमाणें स्टँप लावला, पण त्याची कमाल मर्यादा तीन हजार रुपये ठेविली. आणि दत्तक रद्द ठरवून मागण्याच्या दाव्यास तर ठराविक दहा रुपये. दहा रुपयांत लाखांच्या इस्टेटीचें दार ठोठावतां येत होतें. आंत गेल्यावर काय होई, याचें पुण्यांतलें एक उदाहरण सर्वांच्या ओळखीचें आहे. तें ताईमहाराज प्रकरणाचें.

पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे १८९७ च्या ऑगस्टांत पटकीनें वारले. राजद्रोहाच्या खटल्यांत जामिनावर सुटून टिळक नुकतेच पुण्यास आले होते. मृत्युपत्रांत महाराजांनीं टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे वगैरे मंडळींस व्यवस्थापक नेमिलें. पत्नी ताईमहाराज तेव्हां गरोदर होत्या. मुलगा न झाला किंवा होऊन न वांचला, तर व्यवस्थापकांच्या सल्ल्यानें दत्तक घ्यावा, अशी तजवीज मृत्युपत्रांत होती. मुलगा १८९८ च्या आरंभीं झाला आणि थोड्याच आठवड्यांत गेला. इस्टेट कर्जांत होती. व्यवस्थापकांनीं खर्चास कात्री लाविली, आणि घरांत कात्री लागली कीं मनें दुरावतात हें सांगावयास नको. १९०१ च्या जूनमध्यें औरंगाबादेस जगन्नाथ नांवाच्या मुलाचें दत्तविधान झालें. तीन महिने व्हावयाच्या आंतच ताईमहाराजांनीं कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतलें. एक गादी, दोन दत्तक.

पुढचा प्रवास मोजून पाहा. मृत्युपत्राचा प्रोबेट रद्द व्हावा म्हणून डिस्ट्रिक्ट जज्ज ॲस्टन यांच्यापुढें अर्ज. १९०२ च्या एप्रिलांत त्यांचा निकाल टिळकांविरुद्ध गेला आणि त्यांतूनच टिळकांवर फौजदारी उभी राहिली. मॅजिस्ट्रेटानें १९०३ सालीं दीड वर्षाची शिक्षा दिली, सेशन्स जज्जानें ती सहा महिन्यांवर आणिली, हायकोर्टानें १९०४ च्या मार्चमध्यें त्यांना निर्दोष सोडिलें. इकडे दत्तकाचा दिवाणी दावा वेगळाच. १९०६ सालीं पुण्याच्या सबजज्जानें जगन्नाथाचें दत्तविधान खरें ठरविलें. १९१० सालीं, टिळक मंडालेस असतां, हायकोर्टानें तो निकाल फिरविला. आणि १९१५ च्या मार्चमध्यें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें हायकोर्टाचा निकाल फिरवून जगन्नाथाचें दत्तविधान कायम केलें. अठरा वर्षांत सात निरनिराळ्या न्यायासनांपुढें एकच घर उभें राहिलें, आणि मधल्या किरकोळ अर्जांची तर गणतीच नाहीं.

या सात पायऱ्यांवर प्रत्येक वेळीं काय लागतें? नवें वकीलपत्र, नवी फी, आधींच्या कोर्टांतल्या साक्षी-पुराव्यांच्या नकला, साक्षीदारांचा भत्ता, येणेंजाणें. प्रिव्ही कौन्सिलकडे जावयाचें तर सर्व रेकॉर्ड छापून तें विलायतेस पाठवावें लागे, तेथें लंडनचा सॉलिसिटर करावा लागे, आणि तिथल्या बॅरिस्टराची फी गिनींत, म्हणजे एकवीस शिलिंगांच्या मापानें, द्यावी लागे. फौजदारींत तर आणखी एक गोष्ट. निर्दोष सुटलेल्या माणसाला बचावासाठीं केलेला खर्च सामान्यतः कोणी परत देत नाहीं. टिळक स्वतः एल्‌एल. बी. झालेले, कायद्याचा वर्ग चालविलेले. कागद त्यांना दुसऱ्यानें समजावून द्यावा लागत नव्हता. ज्याला आपलीच कैफियत वाचतां येत नाहीं त्याची दशा काय होईल?

टिळकांनीं हा लढा मृत मित्राला दिलेल्या शब्दासाठीं लढविला, असें म्हटलें जातें, आणि तें खरें आहे. पण माझ्या मतें ताईमहाराजांकडेहि थोडें पाहावयास हवें. ऐन तारुण्यांत वैधव्य आलेल्या, आपल्या घरांत आपल्या मतानें कांहीं चालत नाहीं असें वाटणाऱ्या बाईला सल्लागार भेटतात, ते प्रत्येक जण आपल्या हिताचा सल्ला देतात, आणि बिल मात्र तिच्या घराण्याच्या नांवानें निघतें. व्यवस्थापकानें रास्त कारणासाठीं केलेला खर्च त्या मिळकतींतून भरून घेण्याचा हक्क कायदा देतो, आणि तो न्याय्यहि आहे; नाहीं तर दुसऱ्याच्या इस्टेटीचें ओझें कोण उचलील? पण परिणाम असा, कीं कोणत्याहि बाजूनें वार केला तरी रक्त एकाच अंगांतून वाहतें.

'खर्च इस्टेटींतून' या दोन शब्दांचें गणित मी मुलांना घालतों तसें आपणांस घालतों. समजा, चार भावंडांचा चाळीस लाखांचा वाडा आहे. दोघे भांडले, दोघे गप्प राहिले. एकंदर चार लाख खर्च झाला आणि तो इस्टेटींतून घ्यावयाचा ठरला. प्रत्येकाच्या दहा लाखांचे नऊ झाले, गप्प बसलेल्यांचेहि.

आतां त्या दोन फियांचें अंतर. "दावा खर्चासह मंजूर" हे शब्द ऐकतांच अशील पेढे आणावयास जातो. दिवाणी कायद्याचें सामान्य धोरण असें खरें, कीं हरणारानें जिंकणाराचा खर्च द्यावा. परंतु त्या खर्चांत येतें काय? स्टँप, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, आणि वकिलाची फी कोष्टकांत बसेल तेवढी. आपण वकिलाला त्याहून जास्त दिलें असेल, तर तो फरक आपला आपणच सोसावयाचा. प्रत्यक्ष व वाजवी झालेला खर्च द्यावा, असें सुप्रीम कोर्टानें २००५ सालीं बजाविलें आहे; तरी खालच्या कोर्टांतले आंकडे त्या मानानें हललेले नाहींत. शिवाय आप्तांच्या दाव्यांत न्यायाधीश पुष्कळदां "ज्याचा खर्च त्यानें सोसावा" असाच हुकूम करतात.

वाटपाच्या दाव्यांत तर निकाल दोनदां लागतो, हें ठाऊक नसल्यामुळें लोक फीचा अंदाज निम्म्यानें चुकतात. पहिला हुकूमनामा फक्त हिस्से ठरवितो. प्रत्यक्ष तुकडे पाडून ताबा देणें पुढें राहतें. घर असेल तर कमिशनर येतो, आणि सारा भरणारी शेतजमीन असेल तर वाटप कलेक्टराकडून होतें. मोजणी, हरकती, पुन्हां वकील. पहिल्या हुकूमनाम्यावर अपील झालें तर तेंहि मध्येंच.

म्हणून वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीं फी टप्प्याटप्प्यानें लिहून घ्यावी. दावा दाखल करण्याची किती, मनाईहुकुमाच्या अर्जाची किती, साक्षीपुराव्याची किती, अपिलाची व अंमलबजावणीची किती. चांगला वकील या विचारण्यानें रागावत नाहीं. १९२६ च्या कायद्यानेंच वकिलाला करार करून फी मागण्याचा आणि न मिळाल्यास दावा लावण्याचा हक्क दिला आहे. मग लेखाची लाज अशिलानें कां बाळगावी? "जिंकलां तर अर्धें द्या, हरलां तर कांहीं नको" असा करार करणारा वकील भेटला तर मात्र सावध असावें. निकालावर अवलंबून फी ठरविणें किंवा मिळकतींत वांटा घेणें बार कौन्सिलच्या नियमांनीं वकिलास मना आहे. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडकवून ठेवतां येत नाहींत, असेंहि सुप्रीम कोर्टानें २००० सालीं ठरविलें आहे. मूळ वाटणीपत्र दुसऱ्याच्या कपाटांत राहिल्यानें निमूटपणें वाढीव फी भरणारीं घरें मीं पाहिलीं आहेत.

समेटाचाहि एक जमाखर्च आहे. लोकन्यायालयांत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट-फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतें, म्हणजे पुढच्या सर्व पायऱ्यांची फी वांचते. तडजोडींत हिस्सा थोडा कमी घ्यावा लागला तरी हा वजावटीचा आंकडा शेजारीं मांडूनच तो कमी कीं जास्त तें ठरवावें. नुसत्या मानापमानावर ठरविलें जातें, हें मला ठाऊक आहे.

एक शेवटची गोष्ट घरांतल्या बायकांसाठीं. २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र हिंदु कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला, आणि २००५ च्या त्या दिवशीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, हें सुप्रीम कोर्टानें २०२० सालीं स्पष्ट केलें. तरी हक्कसोडपत्रावर सह्या होतच आहेत, आणि त्यांचें कारण दर वेळीं भावाची माया हेंच नसतें, "वकिलाला द्यावयास पैसे कोठून आणूं?" हेंहि असतें. १९८७ च्या विधि सेवा कायद्याप्रमाणें स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीहि असो, सरकारी खर्चानें वकील मागतां येतो. त्यासाठीं तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समिती असते, तिच्याकडे अर्ज करावयाचा. घरचीं कागदपत्रें, निदान सातबाऱ्याचा उतारा आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला, बरोबर न्यावीं.