नाव कानांनी होते

१८५४मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांचा राजाश्रय आटला. पुढे नागपुरात कवीचे नाव छापखान्यापेक्षा मैफलीनेच अधिक झाले, असे मला वाटते. गझलकार सुरेश भटांचा ‘रूपगंधा’ हा संग्रह १९६१चा, ‘रंग माझा वेगळा’ थेट १९७४चा. पण मैफलीत मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, म्हणायचा, दाद आली की तोच पुन्हा. अशी गझल संग्रहाची वाट पाहत नाही. मग कवी ग्रेस? ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढल्या. तिथे पुस्तकच आधी, हे मान्य. पण ते न उघडलेल्यांपर्यंत ग्रेस पोहोचले हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींमधून. साहित्य अकादमी मिळाली २०११मध्ये, तीही ललितलेखनाला! महालालगतच्या रेशीमबागेत २०१७मध्ये उघडलेल्या सभागृहाला नाव आहे भटांचे.