ध्वनिमुद्रणातील तटस्थता आणि रंग : दत्तात्रेय विष्णु पलुस्करांच्या आवाजाच्या निमित्ताने

पंडित दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्म 28 मे 1921 रोजी नाशिक येथे झाला आणि 26 ऑक्टोबर 1955 रोजी, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची मैफल प्रत्यक्ष ऐकलेले श्रोते आज विरळच. संगीताच्या इतिहासकाराजवळ पुरावा उरतो तो ध्वनिमुद्रणांचा. लेखी दस्तऐवज हाती आला की आपण शाई, हस्ताक्षर आणि नकलकाराचे प्रमाद तपासतो. तबकडीच्या बाबतीत मात्र कानावर पडले तेच गायकाचे, असे गृहीत धरतो. या गृहीतकाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उच्च प्रतीच्या ध्वनियंत्रांविषयी दोन मते फार दिवसांपासून नांदत आहेत. यंत्राने स्वतःचे काहीही मिसळू नये, हे पहिले मत. इंग्लंडमधील क्वाड कंपनीचे पीटर वॉकर हे त्याचे ठळक प्रवक्ते. दुसऱ्या मताच्या रसिकांना निर्वात नळ्यांच्या प्रवर्धकाची ऊब हवी असते. ही ऊब म्हणजे शास्त्रीय दृष्ट्या विकृतीच. परंतु तिच्यात दुसऱ्या संनादीचा वाटा मोठा असतो आणि दुसरा संनादी म्हणजे त्याच स्वराचे वरचे सप्तक. कानाला ती खटकत नाही, याचे नवल नाही.

आपल्या परंपरेत रंग हा दोष मानलेला नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो ती संनादी फुलावेत म्हणूनच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील लेखात त्याचे भौतिकशास्त्र मांडले. मात्र हा रंग कलावंताने निवडलेला असतो, यंत्राचा रंग त्याच्यावर लादलेला. 1925 पूर्वीच्या कर्ण्याच्या ध्वनिमुद्रणात सुमारे दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचा ध्वनी फारसा उमटत नसे, त्यामुळे जवारी बहुतांशी हरपली. त्या पिढीचे गायक कोरड्या साथीवर गात असत, असा निष्कर्ष काढणे म्हणजे कर्ण्याची उणीव गायकाच्या माथी मारणे होय.

पलुस्करांच्या तबकड्या विद्युत ध्वनिमुद्रणाच्या काळातील, म्हणून त्या निर्धोक वाटतात. येथेच खरी मेख आहे. तबकडी कोरताना खर्जाचा ध्वनी ठरावीक प्रमाणात दाबला जाई आणि वाजवताना तो तितकाच उचलावा लागे. 78 फेऱ्यांच्या अनेक तबकड्यांत हे दाबणे सुमारे 250 हर्ट्झच्या खाली सुरू होई आणि वरच्या पट्ट्याला हात लावलेला नसे. 1950 च्या दशकात दीर्घवादी तबकड्यांसाठी जे प्रमाण रूढ झाले, त्यात ही सीमा 500 हर्ट्झची आहे. शिवाय वाजवताना 10,000 हर्ट्झपाशी सुमारे 13.7 डेसिबलची घट केली जाते. या नव्या प्रमाणानुसार बांधलेले, कितीही महागडे आणि तटस्थ यंत्र जुनी तबकडी वाजवू लागले की खर्ज फुगतो आणि वरचा पट्टा मंदावतो. आवाज गोलाई आलेला, मृदू भासतो. जुन्या गायकांच्या ‘गोडव्या’विषयी आपण जे लिहितो त्यातील काही अंश या बेजोड जुळणीचा असण्याचा संभव आहे. तटस्थता हा एकट्या यंत्राचा गुण नव्हे. तबकडी कशी कोरली गेली याच्याशी ती बांधलेली असते.

गतीचा प्रश्न वेगळाच. 74 फेऱ्यांवर कोरलेली तबकडी 78 वर वाजवली तर पट्टी जवळपास अर्ध्या स्वराने चढते. काळी चारचा गायक पांढरी सहात गाऊ लागतो आणि आपण त्यावरून घराण्यांच्या स्वरलगावाची चर्चा करतो!

संगणकीय प्रतींमध्ये खरखर पुसली जाते, तेव्हा तिच्यासोबत श्वास आणि तंबोऱ्याचे वरचे संनादीही जाऊ शकतात. महाविद्यालयांच्या संग्रहांत म्हणूनच प्रत्येक तबकडीची एक असंस्कारित प्रत स्वतंत्र ठेवावी आणि सुईची जाडी, फेऱ्यांची गती व वापरलेले प्रमाण यांची नोंद, हस्तलिखिताच्या वर्णनाप्रमाणे, त्या प्रतीसोबत करावी.