दोन जिल्हे, दोन खासदार आणि चार जिल्ह्यांत पसरलेले मतदारसंघ

राज्याच्या पूर्व टोकाला असलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या वनसंपन्न जिल्ह्यांतून लोकसभेवर दोन खासदार निवडून जातात. एका जिल्ह्याला एक खासदार, असा हिशेब वरवर पाहता सरळ वाटतो. प्रत्यक्षात लोकसभा मतदारसंघांच्या सीमा आणि जिल्ह्यांच्या सीमा येथे कोठेच जुळत नाहीत. ब्रह्मपुरीच्या मतदाराचा जिल्हाधिकारी चंद्रपूरला बसतो. मात्र त्याचा खासदार सिरोंचा, भामरागड आणि आमगावच्या मतदारांबरोबर निवडला जातो. वरोऱ्याचा मतदार यवतमाळ जिल्ह्यातील वणी आणि आर्णी येथील मतदारांच्या जोडीने कौल देतो. प्रत्येक निवडणुकीत या भागातून येणारे निकाल समजून घ्यायचे असतील, तर आधी या सीमा समजून घ्याव्या लागतात.

मतदारसंघांची रचना

सध्याची रचना २००८ च्या परिसीमन आदेशाने झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून अमलात आली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ ची जनगणना आधारभूत धरून ती केली होती.

चंद्रपूर हा लोकसभेचा खुला मतदारसंघ आहे. त्यात चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर आणि वरोरा, तसेच यवतमाळ जिल्ह्यातील वणी आणि आर्णी असे विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. यांपैकी विधानसभेसाठी चंद्रपूर अनुसूचित जातींकरिता आणि आर्णी अनुसूचित जमातींकरिता राखीव आहे.

गडचिरोली-चिमूर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी, चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी आणि चिमूर, तसेच गोंदिया जिल्ह्यातील आमगाव हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात मोडतात. ब्रह्मपुरी आणि चिमूर वगळता उरलेले चारही विधानसभेसाठी अनुसूचित जमातींकरिता राखीव आहेत. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवरील सालेकसापासून तेलंगणच्या सीमेवरील सिरोंचापर्यंतचे रस्त्याचे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक भरते.

ही आखणी निव्वळ कागदी आहे, असे म्हणता येणार नाही. राजुरा, बल्लारपूर, भद्रावती, वणी या पट्ट्याला कोळसा आणि कापूस यांनी बांधले आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, आमगाव हा धानाचा, झाडीबोलीचा आणि झाडीपट्टी रंगभूमीचा मुलूख आहे. प्रश्न उरतो तो दक्षिणेचा. एटापल्ली, भामरागड, मुलचेरा, अहेरी आणि सिरोंचा हे पाचही तालुके मिळून अहेरी हा विधानसभेचा एकच मतदारसंघ होतो. क्षेत्रफळाने अवाढव्य आणि वस्तीने विरळ असलेला हा प्रदेश लोकसभेच्या गणितात सहांपैकी एक भाग ठरतो.

तीन निवडणुका, तीन राज्ये

या भागाचा संसदीय इतिहास राज्याच्या इतर भागांहून वेगळा आहे. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५७ ची निवडणूक द्वैभाषिक मुंबई राज्यात झाली आणि १९६२ ची महाराष्ट्रात. लागोपाठच्या तीन निवडणुकांत मतदार तेच होते, राज्ये मात्र तीन झाली.

पहिल्या दोन निवडणुकांत काँग्रेसचे मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली आणि व्ही. एन. स्वामी विजयी झाले. १९६२ मध्ये मतदारांनी लालश्याम शाह या अपक्ष आदिवासी नेत्याला निवडून दिले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना आदिवासींच्या भूमीवर वसवण्याच्या धोरणाचा निषेध म्हणून त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. जल, जंगल, जमीन हे शब्द प्रचारसभांत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही घटना. १९६४ च्या पोटनिवडणुकीत दिवंगत मुख्यमंत्री मा. सां. कन्नमवार यांच्या पत्नी गोपिकाताई काँग्रेसतर्फे निवडून आल्या.

१९६७ पासून चंद्रपूर आणि चिमूर असे दोन मतदारसंघ होते. चंद्रपूरमधून १९७७ मध्ये अहेरीच्या राजघराण्यातील राजे विश्वेश्वरराव विजयी झाले. १९८० ते १९९१ या काळात काँग्रेसचे शांताराम पोटदुखे सलग चार वेळा निवडून आले. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात ते अर्थ राज्यमंत्री होते. १९९६ मध्ये भाजपचे हंसराज अहीर, १९९८ आणि १९९९ मध्ये काँग्रेसचे नरेश पुगलिया आणि २००४ मध्ये पुन्हा अहीर, असा क्रम राहिला. चिमूरने विलास मुत्तेमवार यांना तीनदा आणि महादेवराव शिवणकर यांना दोनदा लोकसभेत पाठवले. १९९८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे जे चार खासदार राज्यातून निवडून आले, त्यांतील प्रा. जोगेंद्र कवाडे हे चिमूरचे होते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तरीही लोकसभेसाठी त्याच्या नावाचा मतदारसंघ मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत या टापूतून लोकसभेत पोहोचलेले लालश्याम शाह किंवा विश्वेश्वरराव यांच्यासारखे आदिवासी खासदार हे अपवादच होते.

लंबकाप्रमाणे झुलणारा कौल

नव्या रचनेत २००९ ची पहिली निवडणूक झाली, तेव्हा चंद्रपूरमध्ये भाजपचे अहीर आणि गडचिरोली-चिमूरमध्ये काँग्रेसचे मारोतराव कोवासे विजयी झाले. २०१४ मध्ये दोन्ही जागा भाजपकडे गेल्या. अहीर २ लाख ३६ हजार २६९, तर अशोक नेते २ लाख ३६ हजार ८७० मतांनी निवडून आले. शेजारच्या दोन मतदारसंघांतील मताधिक्य इतके सारखे असावे, हा योगायोग लक्षणीय होता. चंद्रपूरमध्ये शेतकरी संघटनेचे नेते वामनराव चटप यांनी आम आदमी पक्षातर्फे दोन लाखांहून अधिक मते मिळवली होती.

२०१९ मध्ये जागा पुन्हा विभागल्या गेल्या. वरोऱ्याचे शिवसेना आमदार सुरेश ऊर्फ बाळू धानोरकर निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसमध्ये आले. पक्षाने आधी जाहीर केलेला उमेदवार बदलून त्यांना रिंगणात उतरवले. केंद्रात गृह राज्यमंत्री असलेल्या अहीर यांचा त्यांनी ४४ हजार ७६३ मतांनी पराभव केला. राज्यातील ४८ जागांपैकी काँग्रेसला मिळालेली ती एकमेव जागा. गडचिरोली-चिमूर मात्र अशोक नेते यांनी ७७ हजार ५२६ मतांनी राखले. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवारांनी दोन्ही ठिकाणी एक लाखाहून अधिक मते घेतली; म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा तिसऱ्या उमेदवाराची मते अधिक होती.

२०२४ मध्ये दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. चंद्रपूरमध्ये प्रतिभा धानोरकर यांनी राज्याचे तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांना २ लाख ६० हजार ४०६ मतांनी हरवले. गडचिरोली-चिमूरमध्ये डॉ. नामदेव किरसान १ लाख ४१ हजार ६९६ मतांनी विजयी झाले.

त्यानंतर अवघ्या साडेपाच महिन्यांत, २३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे निकाल लागले आणि चित्र उलटे झाले. या दोन लोकसभा मतदारसंघांतील बारा विधानसभा जागांपैकी भाजपने आठ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीने एक जिंकली. काँग्रेसला ब्रह्मपुरी आणि आरमोरी, तर ठाकरे गटाच्या शिवसेनेला वणी येथे यश मिळाले. लोकसभेत पराभूत झालेले मुनगंटीवार बल्लारपूरमधून विधानसभेवर गेले. अहेरीत धर्मरावबाबा आत्राम यांनी पुतणे अम्ब्रीशराव आणि कन्या भाग्यश्री या दोघांनाही मागे टाकले. येथील मतदार पक्षाला कायमचा बांधलेला नाही आणि दिल्लीसाठी व मुंबईसाठी तो वेगवेगळा विचार करतो, एवढे या आकड्यांवरून निश्चित दिसते.

मतदान अधिक, वेळ कमी

१९ एप्रिल २०२४ रोजी पहिल्या टप्प्यात विदर्भातील पाच मतदारसंघांत मतदान झाले. गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदारांनी हक्क बजावला, तर नागपूरसारख्या महानगरात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. विशेष म्हणजे, सुरक्षेच्या कारणास्तव आमगाव, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी येथे मतदान दुपारी तीन वाजताच संपत होते. शहरातील मतदाराला सायंकाळी सहापर्यंत मुभा होती. जंगलातून चालत येणाऱ्या मतदाराला तीन तास कमी मिळाले, तरी त्याचे मतदान अधिक झाले.

हे निर्बंध अकारण नव्हते. ८ ऑक्टोबर २००९ रोजी, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, भामरागड तालुक्यातील लाहेरी येथे नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीत १७ पोलीस हुतात्मा झाले. १ मे २०१९ रोजी, लोकसभेच्या मतदानानंतर तीनच आठवड्यांनी, जांभुळखेडा येथील भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि वाहनचालकाचा बळी गेला. दुर्गम केंद्रांवरील मतदान पथकांना हेलिकॉप्टरने नेण्या-आणण्याची पद्धत याच परिस्थितीतून रूढ झाली. २०२४ मध्ये शंभर आणि ८६ वर्षे वयाच्या दोन मतदारांचे मत घरी जाऊन नोंदवण्यासाठी अहेरीहून सिरोंचाकडे निघालेल्या पथकाने १०७ किलोमीटरचा प्रवास केला.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. मतदानाच्या वेळेवरील निर्बंध उठवण्याचा विचार त्यामुळे स्वाभाविकपणे पुढे येतो.

राखीव जागा आणि ‘नोटा’

गडचिरोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के आहे. म्हणजे राखीव जागेवरही निर्णायक संख्या बिगर-आदिवासी मतदारांची असते. उमेदवार आदिवासी असणे आणि आदिवासींचे प्रश्न केंद्रस्थानी येणे, या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. सूरजागडच्या लोहखाणीवरून एटापल्लीतील ग्रामसभा आक्रमक होतात. त्याच मतदारसंघातील ब्रह्मपुरीच्या शेतकऱ्याला धानाचा बोनस आणि सिंचन महत्त्वाचे वाटते. दोघांचा खासदार एकच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जिल्ह्यातील वर्ग तीन आणि चारच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गीयांचे आरक्षण सहा टक्क्यांवर आल्याने या समाजात दीर्घकाळ असंतोष होता; पुढे ते वाढवण्यात आले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत गडचिरोली मतदारसंघात १७ हजारांहून अधिक मतदारांनी ‘नोटा’चे बटन दाबले, त्यात या नाराजीचा वाटा होता. मतदान केंद्रावर जाऊन सर्व उमेदवार नाकारणारा मतदार उदासीन म्हणता येत नाही.

वर्षभर रिकामी खुर्ची

३० मे २०२३ रोजी बाळू धानोरकर यांचे निधन झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ नुसार रिक्त जागेसाठी सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेणे अपेक्षित असते. उर्वरित मुदत वर्षाहून कमी असल्यास किंवा केंद्र सरकारशी विचारविनिमय करून निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने प्रमाणित केल्यास त्यातून सूट मिळते. चंद्रपूरमध्ये पोटनिवडणूक झालीच नाही. पुण्याची जागाही तेव्हा रिक्त होती. तेथील मतदाराच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तातडीने निवडणूक घेण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्याला स्थगिती दिली. ४ जून २०२४ चा निकाल लागेपर्यंत चंद्रपूरच्या १८ लाखांहून अधिक मतदारांना लोकसभेत प्रतिनिधी नव्हता. वीज प्रकल्पाचे प्रदूषण, कोळसा खाणींसाठीचे भूसंपादन, ताडोबाच्या परिसरातील मानव-वन्यजीव संघर्ष हे प्रश्न त्या वर्षभरात थांबले नव्हते.

अमेरिकेशी तुलना

अमेरिकेत प्रतिनिधीगृहाच्या ४३५ सदस्यांची निवडणूक दर दोन वर्षांनी होते आणि दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर मतदारसंघ नव्याने आखले जातात. बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळाच्या, म्हणजेच सत्ताधारी पक्षाच्या हाती असते. त्यामुळे सोयीच्या सीमा आखल्याचे आरोप आणि न्यायालयीन लढे तेथे नित्याचे झाले आहेत. आपल्याकडे परिसीमन स्वतंत्र आयोग करतो, हे भारतीय व्यवस्थेचे बलस्थान होय. मात्र १९७० च्या दशकानंतर आपल्या सीमा थेट २००८ मध्ये बदलल्या. दरम्यान एक संपूर्ण जिल्हा जन्माला आला होता.

लोकसभेच्या जागांची राज्यवार संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम ठेवण्याची तरतूद ८४ व्या घटनादुरुस्तीने केली होती. परिसीमनाची चर्चा सामान्यतः उत्तर विरुद्ध दक्षिण अशी रंगते. या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने मुद्दा अधिक जवळचा आहे. आखणी केवळ लोकसंख्येच्या तराजूवर झाली, तर विरळ वस्तीचा अरण्यप्रदेश आणखी मोठ्या मतदारसंघात विरघळेल. आयोगाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो आणि सार्वजनिक सुनावण्याही घेतल्या जातात. अंतिम आदेशानंतर मात्र बदलाला फारशी जागा उरत नाही. सिरोंचाच्या मतदाराचे म्हणणे नोंदवण्याची वेळ असेल ती त्या मसुद्याच्या टप्प्यावर. त्यासाठी सुनावणी नागपुरात न होता निदान अहेरीपर्यंत पोहोचली पाहिजे.