आपटे, हरी नारायण

(८ मार्च १८६४ – ३ मार्च १९१९). मराठी कादंबरीकार, कथाकार आणि ‘करमणूक’ या साप्ताहिकाचे संपादक. जन्म खानदेशातील पारोळे येथे. बालपणाचा काही काळ मुंबईत गेला आणि १८७८ पासून वास्तव्य पुण्यात. लहानमोठ्या, पुऱ्या-अपुऱ्या मिळून एकवीस कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्यांतल्या बहुतेक नियतकालिकाच्या अंकासाठी, हप्त्याहप्त्याने लिहिलेल्या आहेत. आपट्यांच्या लेखनाचा विस्तार, त्यातला जिवंतपणा आणि त्यातला सैलपणा या तिन्हींचे मूळ या हप्त्यात सापडते.

त्यांच्या आयुष्याला आकार दिला तो चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी. ते नामांकित वकील होते. संस्कृत ग्रंथ जतन करून छापावेत म्हणून त्यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. अप्पा बळवंत चौकाजवळची ही वास्तू आजही उभी आहे. तिच्या ग्रंथावलीत शंभराहून अधिक संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाले. हरिभाऊंनी आनंदाश्रमाची व्यवस्था जन्मभर पाहिली आणि त्यांचा संसार, लेखन, मित्रमंडळींची बैठक सारे तिथेच चालले. सरकारी नोकरीची गरज त्यांना पडली नाही. मराठीत लेखणीवर पोट भरणे ज्या काळी जवळजवळ अशक्य होते, त्या काळात या स्थैर्याचे मोल फार मोठे आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. लवकरच आगरकरही तेथे शिकवू लागले. हरिभाऊ या शाळेचे विद्यार्थी. १८८२ मध्ये चिपळूणकर गेले तेव्हा या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ हे शोककाव्य लिहिले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतर केले, तेव्हा त्यावर ‘निबंधचंद्रिके’त हरिभाऊंनी दीर्घ परीक्षण लिहून गुरूच्या भाषांतराची चिकित्सा केली. विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा शिक्षकाच्या पुस्तकाची अशी झाडाझडती घेतो, हे त्या शाळेतल्या मोकळ्या वातावरणाचेही द्योतक आहे. पुढे डेक्कन कॉलेजात गणिताने वाट अडवली आणि पदवी हाती आली नाही. इंग्रजी व संस्कृत वाचन मात्र अफाट होते. स्कॉट आणि डिकन्स त्यांनी मन लावून वाचले होते.

आपट्यांच्या आधी मराठीत कादंबरी नव्हती असे नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची आणि गुंजीकरांचे ‘मोचनगड’ १८७१ चे. पण ‘यमुनापर्यटन’ हा अपवाद सोडला तर या कथांचा मोठा भाग राजपुत्र, राजकन्या, योगायोग आणि सुखान्त यांत रमलेला होता. पुण्यातल्या वाड्याच्या माजघरात काय चालते, हे कादंबरीत यायचे होते.

१८८५ मध्ये ‘पुणेवैभव’ पत्रातून ‘मधली स्थिती’ येऊ लागली, तेव्हा आपटे एकवीस वर्षांचे होते. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीचा आधार तिला आहे, पण दारू, नाटके आणि नव्या शिक्षणाने गोंधळलेले पुणे हे त्यांनी स्वतः पाहिलेले आहे. ‘गणपतराव’ ही पुढची कादंबरी अपुरी राहिली. १८९० मध्ये त्यांनी स्वतःचे ‘करमणूक’ काढले. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्यातील वाद रंगात आले होते, तेव्हा हे साप्ताहिक घरातल्या बायकामुलांसह सर्वांना वाचता येईल असे, गोष्टी आणि सोप्या माहितीने भरलेले होते. राजकारणाचा आवाज त्यात नव्हता. सुमारे अठ्ठावीस वर्षे ते चालले, आणि त्याचे रकाने भरण्याचा मोठा भार संपादकावरच होता.

‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी याच ‘करमणुकी’तून आली. लग्नानंतरच्या संबंधासाठी मुलीचे किमान वय दहावरून बारा करणारा संमतिवयाचा कायदा मार्च १८९१ मध्ये झाला, आणि त्यावरून पुण्यात सुधारक आणि त्यांचे विरोधक यांच्यात रण माजले. सभांमध्ये आणि अग्रलेखांमध्ये पुरुष बायकांविषयी बोलत होते. त्याच सुमारास आपट्यांनी एका बाईला बोलायला बसवले. यमू स्वतःच आपली हकिकत सांगते: दादाबरोबर खेळलेले खेळ, माहेरच्या वडीलधाऱ्यांचा दरारा, आईची होरपळ, मैत्रीण दुर्गीचे नशीब, मग लग्न, सासर, आणि नवरा रघुनाथराव याच्यासोबत मुंबईत मिळालेले मोकळ्या श्वासाचे थोडे दिवस. रघुनाथरावाच्या मृत्यूनंतर ती पुन्हा पुण्याच्या सासरी येते आणि तिथे जबरदस्तीने तिचे केशवपन होते. शंकरमामंजी हे पात्र मराठी वाचकाच्या मनात ढोंगीपणाचा नमुना म्हणून कायमचे बसले.

पदमनजींच्या नायिकेचे नावही यमुनाच. ती प्रवासात इतर विधवांच्या कहाण्या ऐकते. आपट्यांची यमू स्वतःची सांगते. तीस-पस्तीस वर्षांत मराठी कादंबरीने कापलेले अंतर एवढ्या एका फरकात दिसते. यमूच्या तोंडची भाषाही तशीच नवी. चिपळूणकरांच्या शिष्याला भारदस्त, संस्कृतप्रचुर गद्य सहज लिहिता आले असते. त्याऐवजी त्यांनी स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात ऐकू येणारे मराठी घेतले. मधेच थांबणारे, विषयांतर करणारे, पुन्हा मूळ धाग्यावर येणारे. हप्ता लिहिताना येणारा पाल्हाळ इथे बोलणाऱ्या बाईच्या स्वभावाचा भाग होऊन जातो. म्हणूनच प्रस्तुत लेखकाच्या मते ही केवळ त्यांची उत्तम कादंबरी नसून त्यांच्या लेखनपद्धतीला संपूर्णपणे मानवलेली एकमेव कादंबरी आहे. केशवपनाचे प्रकरण आजही सलग वाचवत नाही.

बायकांच्या दुःखाच्या या आकलनामागे घरातले अनुभव होतेच, पण काशीबाई आणि गोविंद वासुदेव कानिटकर या दांपत्याची मैत्रीही होती. काशीबाई स्वतः कादंबरीकार; डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनीच लिहिले. आपट्यांचा त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. एका लेखकाने आणि एका लेखिकेने त्या काळात बरोबरीच्या नात्याने वाङ्मयाची चर्चा केल्याचा तो दुर्मीळ पुरावा आहे.

‘मी’ (१८९३–९५) या कादंबरीचा नायक भावानंद संसार बाजूला ठेवतो आणि लोकसेवेला वाहून घेतलेल्या माणसांचा मठ काढतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापला तो १९०५ मध्ये. आपटे आणि गोखले मित्र होते, त्यामुळे या साम्याकडे अभ्यासकांचे लक्ष जाते. कादंबरी म्हणून ‘मी’ काहीशी उपदेशाकडे झुकते, परंतु तिच्यातली भावानंदाची बहीण ताई ही ठसठशीत उभी राहते. ‘यशवंतराव खरे’, ‘जग हें असें आहे’, ‘भयंकर दिव्य’, ‘आजच’, ‘मायेचा बाजार’ आणि ‘कर्मयोग’ या इतर सामाजिक कादंबऱ्या. यांतल्या काही पूर्ण झाल्याच नाहीत.

ऐतिहासिक कादंबऱ्यांची सुरुवात मेडोज टेलरच्या आधाराने लिहिलेल्या ‘म्हैसूरचा वाघ’ने झाली. ‘उषःकाल’ (१८९५–९७) शिवकाळाच्या आरंभाची आहे. तिचा पट मोठा आणि वेग चांगला. ‘गड आला पण सिंह गेला’ ही तानाजीच्या पराक्रमावरची कादंबरी सिंहगडाच्या वाटेवर वाढलेल्या पिढ्यांनी शाळकरी वयातच वाचली. ‘रूपनगरची राजकन्या’, ‘चंद्रगुप्त’, ‘सूर्योदय’, ‘केवळ स्वराज्यासाठी’ यांनंतर आली ‘वज्राघात’ (१९१३–१५). विजयनगरच्या विनाशाची ही कथा रचनेने सर्वांत बांधेसूद आहे. इतर ठिकाणी भुयारे, वेषांतरे आणि ऐनवेळी भेटणारी माणसे फार येतात. पुढच्या अंकापर्यंत वाचकाला धरून ठेवायचे असे, ही त्यामागची अडचण.

‘स्फुट गोष्टी’ या नावाने त्यांच्या कथा संग्रहित झाल्या. दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांतली महत्त्वाची. ‘रामजी’ या नावाने तिचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पेठांमधले पांढरपेशे जग सोडून आपटे बाहेर गेले की किती नेमके पाहतात, ते या कथेत दिसते. असे लेखन त्यांनी अधिक केले असते तर, ही हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. नाटकांत मोलियरवरून ‘मारून मुटकून वैद्यबुवा’, ह्यूगोच्या ‘हेर्नानी’वरून ‘जयध्वज’, आणि स्वतंत्र ‘संत सखूबाई’ आहे.

याच पिढीतले ग्रीक लेखक अलेक्सांद्रोस पापादियामांतिस (१८५१–१९११) यांचे उदाहरण इथे आठवते. त्यांच्याही कादंबऱ्या पत्रांतून क्रमशः आल्या, पण अथेन्समध्ये त्यांना पत्रांसाठी भाषांतरे करून गरिबीत दिवस काढावे लागले. त्यांच्या १९०३ च्या ‘फोनिसा’ या कादंबरीतली म्हातारी, मुलीच्या जन्माला आलेल्यांचे हाल टाळायचे म्हणून लहान मुलींनाच मारत सुटते. यमूच्या आणि तिच्या स्वभावात काहीच सारखे नाही. दोघींना घेरणारे जग मात्र एकमेकांच्या ओळखीचे आहे.

सार्वजनिक जीवनात आपटे पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९१५ मध्ये मराठीच्या उगम-विकासावर त्यांनी विल्सन व्याख्याने दिली. केशवसुतांच्या कविता त्यांनी ‘करमणुकी’त छापल्या होत्या. कवी १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेला तेव्हा त्याच्या नावावर एकही संग्रह नव्हता. विखुरलेल्या कविता जमवून ‘केशवसुतांची कविता’ आपट्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. आधुनिक मराठी कवितेचा हा पहिला मोठा ठेवा आज हाती आहे, तो त्यांच्यामुळे. ‘करमणूक’ही त्याच सुमारास बंद पडले. दोन वर्षांनी, पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. ‘सूर्यग्रहण’ ही कादंबरी अपुरीच राहिली.