पांढरी चादर

डोंबिवलीचं घर रिडेव्हलपमेंटला जातंय. आजीचा तांब्याचा बंब ठेवायला कुणाकडेच जागा नाही, म्हणून मोडीत द्यायचं ठरलं. निदान फोटो असावा, म्हणून मागे पांढरी चादर लावली. पोचे अगदी मोजता येतात!

मग अंबरनाथ आठवलं. १८६८ मध्ये सरकारने जे. जे. स्कूल ऑफ आर्टची मंडळी तिथल्या १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिरात पाठवली. त्यांनी फोटो काढले, शिल्पांचे साचे घेतले. साच्यात मूर्ती आली, शेजारची वालधुनी नाही आली.

माझ्या फोटोतही बंब आला, धुराने काळी झालेली भिंत राहिली. चादर काढून पुन्हा एक फोटो घेतला. मावशी, कुणाला कुठला पाठवू?